मराठवाड्याच्या उन्हात किंग एअर: आदल्या रात्रीपासून प्रोपेलर बांधेपर्यंत

किंग एअर या छोट्या दोन-इंजिनी प्रोपेलर विमानावर नवीन आलेली वैमानिक पोरं पहिल्या आठवड्यात हमखास एक प्रश्न विचारतात. विमानाला दोन टर्बाइन इंजिनं आहेत, एकेक ८५० घोड्यांचं, आणि छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाची धावपट्टी पावणेतीन किलोमीटरच्या वर आहे. मग मे महिन्यात मराठवाड्याची फेरी आली की तुम्ही आदल्या रात्री कागद-पेन्सिल घेऊन का बसता?

त्या कागदावर काय लिहितो ते इथं क्रमानं मांडतो. आकडे किंग एअरच्या बी-२०० या मॉडेलचे आहेत, कारण माझे बहुतेक तास त्यावरच झाले. तुमचं विमान सी-९० असेल किंवा ३५० असेल तर मर्यादा बदलतील, पण पायऱ्या याच राहतील. आणि कुठलाही आकडा इथून उचलून कॉकपिटमध्ये नेऊ नका. तुमच्या विमानाचं फ्लाइट मॅन्युअल उघडा आणि तिथला घ्या.

आधी टॉर्क की आधी आयटीटी

बी-२०० वर पीटी-६ए-४२ इंजिन असतं. पीटी-६ ची रचना उलटी आहे. हवा मागून आत जाते, पुढं येते, आणि जळालेला वायू प्रोपेलरच्या मागच्या दोन नळ्यांतून बाहेर पडतो. हवा दाबणारा कॉम्प्रेसर फिरवणारं टर्बाइन वेगळं आणि प्रोपेलर फिरवणारं वेगळं. दोघांना जोडणारा दांडा नाही, मधे फक्त गरम वायू. म्हणून पार्क केलेल्या विमानाचा प्रोपेलर हातानं सहज फिरतो आणि कॉम्प्रेसर जागचा हलत नाही.

या इंजिनाला वर जाताना दोन छतं लागतात. एक टॉर्कचं, म्हणजे प्रोपेलर फिरवणाऱ्या पिळाचं, २,००० आरपीएमला २,२३० फूट-पाउंड. ते गिअरबॉक्सच्या ताकदीवरून ठरलं आहे. दुसरं आयटीटीचं, म्हणजे दोन टर्बाइनांच्या मधल्या वायूच्या तापमानाचं, ८०० अंश सेल्सिअस. ते पात्यांच्या धातूवरून ठरलं आहे. जानेवारीच्या पहाटे पॉवर लिव्हर पुढं सरकवलं की टॉर्क आधी छताला लागतो आणि आयटीटी खाली निवांत असतं. मे महिन्यात उलट होतं. हवा विरळ असते, त्यामुळे तेवढाच टॉर्क काढायला इंजिनाला जास्त इंधन जाळावं लागतं आणि काटा ८०० वर आधी पोचतो. टॉर्क अजून खालीच असतो. तिथून पुढं लिव्हर ढकललं तर शक्ती थोडीशीच वाढते आणि पात्यांचं आयुष्य पटापट संपतं.

मराठवाड्यातल्या उन्हाळी उड्डाणाचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे. तुमच्याकडे ८५० घोडे कागदावर आहेत. त्या दिवशी, त्या तासाला किती मिळणार हे थर्मामीटर सांगतो.

आदल्या रात्री

पहिली पायरी डेन्सिटी अल्टिट्यूडची, म्हणजे हवेच्या विरळपणावरून विमानाला जाणवणाऱ्या उंचीची. चिकलठाणा समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे, लातूर त्याहून थोडं वर, नांदेड बाराशे-साडेबाराशेच्या आसपास. समजा चिकलठाण्याला दुपारी ४२ अंश आणि क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीला धरून सांगितलेला हवेचा दाब, १००४. प्रमाण दाब १०१३ धरला तर फरक नऊ हेक्टोपास्कल, प्रत्येकी साधारण ३० फूट, म्हणजे २७० फूट. प्रेशर अल्टिट्यूड, म्हणजे दाबावरून काढलेली उंची, झाली २,१७०. त्या उंचीवर प्रमाण तापमान ११ अंश असायला हवं. आपल्याकडे ३१ अंश जास्त आहेत. दर जादा अंशाला १२० फूट, म्हणजे आणखी ३,७२०. बेरीज सुमारे ५,९००.

कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट आहे. म्हणजे दुपारी अडीच वाजता चिकलठाण्याच्या धावपट्टीवर उभं असलेलं विमान हवेच्या दृष्टीनं कळसूबाईच्या माथ्याहून पाचशे फूट वर उभं आहे. त्याच दिवशी सकाळी सहाला २६ अंश असतील तर हीच बेरीज चार हजारांच्या आत येते. पंख, प्रोपेलर आणि इंजिन तिघांनाही त्या दोन हजारांचा फरक कळतो.

म्हणून दोन रकाने करा, एक सकाळचा आणि एक दुपारचा. पाहुणे, म्हणजे आपले प्रवासी, म्हणतात, "सकाळी आठला निघू, दुपारी बाराला परत." लग्न असेल, सभा असेल किंवा साखर कारखान्यावरची बैठक असेल, बाराचे अडीच होतातच. सत्कार राहिलेला असतो, जेवणाचा आग्रह असतो. परतीचं गणित बाराच्या तापमानावर केलं आणि निघालात अडीचला, तर कागद खोटा ठरतो. मी परतीचा रकाना नेहमी दिवसाच्या कमाल तापमानावर भरतो, वर दोन अंश टाकून. वेधशाळेचा पारा सावलीतला असतो आणि आपण डांबरावर उभे असतो.

दुसरी पायरी पुस्तकातल्या तक्त्यांची. टेकऑफचं अंतर सगळे काढतात. ते जाहिरातीतलंही असतं: समुद्रसपाटीवर, प्रमाण तापमानात, पूर्ण वजनाला ५० फुटांचा अडथळा ओलांडायला २,५७९ फूट. तो आकडा ऐकून गावाकडच्या कुठल्याही पट्टीवरून उडता येईल असं वाटतं. मला त्याहून तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

एक, ॲक्सिलरेट-स्टॉप: पळत सुटलो, निर्णयाच्या वेगाला एक इंजिन गेलं, ब्रेक मारून थांबलो, तर एकूण किती धावपट्टी लागली. हे अंतर उपलब्ध धावपट्टीत बसलं नाही तर वजन कमी करायचं किंवा वेळ बदलायची. लातूर, नांदेडच्या पट्ट्या दोन किलोमीटरच्या वर आहेत, तिथं सहसा बसतं. धाराशिवसारख्या सव्वा किलोमीटरच्या आतबाहेरच्या पट्टीवर उन्हाळ्यात हाच आकडा तुम्हाला घरी पाठवतो.

दोन, एका इंजिनावरचा चढ. समुद्रसपाटीवर प्रमाण दिवशी पूर्ण वजनाला बी-२०० एका इंजिनावर मिनिटाला ७४० फूट चढतं. दुपारच्या रकान्यातला आकडा पाहा, बराच खाली आलेला असतो. मग नकाशा घ्या आणि पट्टीच्या दोन्ही टोकांपुढं काय आहे ते बघा: टेकडी, विजेचे मनोरे, मोबाइलचे टॉवर. छोट्या पट्ट्यांभोवतीचे टॉवर दर वर्षी वाढतात, म्हणून मी गेल्या वर्षीच्या आठवणीवर विसंबत नाही.

तीन, किमान टेकऑफ पॉवरचा तक्ता. प्रेशर अल्टिट्यूड आणि तापमान घातलं की तो सांगतो, आज २,००० आरपीएमला किमान इतका टॉर्क यायलाच हवा, ८०० अंशांच्या आत. बाकी सगळी अंतरं हा टॉर्क मिळतो असं गृहीत धरूनच काढलेली असतात. तो आकडा मोठ्या अक्षरात चिठ्ठीवर लिहून कंट्रोल व्हीलवर लावा.

हे सगळं अतिकाळजीचं वाटत असेल तर चिकलठाण्याचीच एक तारीख लक्षात ठेवा, २६ एप्रिल १९९३. इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७, पूर्ण भरलेलं, दुपारच्या उन्हात निघालं. पट्टीच्या टोकापलीकडे बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक चालला होता, त्याला विमानाची चाकं लागली. ११८ पैकी ५५ जण गेले. चौकशीत वैमानिकांनी नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचलल्याचा आणि उड्डाणांच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक न रोखल्याचा ठपका आला. तो जेट होता, आपलं टर्बोप्रॉप आहे, गणितं निराळी. ऊन तेच आहे.

काट्यावरचं वजन

बी-२०० चं कमाल टेकऑफ वजन ५,६७० किलो. इंधन टाकीत पूर्ण भरलं तर ५४४ गॅलन, म्हणजे साधारण १,६५० किलो. टाक्या भरून आणि खुर्च्या भरून हे विमान उडत नाही. दोन्हींतलं एक निवडावं लागतं.

मुंबई ते लातूर आणि परत, हे उदाहरण घेऊ. सरळ रेषेत सुमारे २१० सागरी मैल. लातूरला इंधन मिळेलच असं धरून निघू नका. आदल्या दिवशी फोन करा, आणि उत्तरात "बहुतेक" हा शब्द आला तर परतीचंही इंधन मुंबईतूनच न्या. इंधनाचा ढोबळ नियम असा: पहिल्या तासाला ८०० पाउंड (सुमारे ३६० किलो), दुसऱ्याला ७००, पुढं ६००. पण इथं दोन वेगवेगळे चढ आहेत, म्हणून दोन्ही टप्पे पहिल्या तासासारखेच धरायचे. तास पुरा होत नाही म्हणून टप्प्याला ३५० किलो, दोन्ही मिळून ७००. टॅक्सीला, म्हणजे जमिनीवर चालवायला, ४०. लातूरला उतरता आलं नाही तर चिकलठाणा गाठायला १७०. राखीव २००. झाले १,११०.

आता विमान, दोन वैमानिक, पाण्याच्या बाटल्या आणि जिन्यापाशी ठेवलेलं टूलकिट धरून समजा ३,९०० किलो. सात पाहुणे, ८० किलोंप्रमाणे ५६०, सामान १००. इंधनाशिवायचं वजन ४,५६०, त्याची मर्यादा ४,९९०, ते ठीक. इंधन घातल्यावर काटा बरोबर ५,६७० वर येऊन थांबतो. एक पिशवी जास्त झाली तरी नाही.

आठवा माणूस मुंबईत आला तर त्याला नाही म्हणावं लागतं. तोच लातूरहून परत येणार असेल तर गोष्ट वेगळी, कारण टॅक्सी आणि एका टप्प्याचं इंधन जळून विमान ३९० किलोंनी हलकं झालेलं असतं. त्याला घेता येईल की नाही हे दुपारच्या रकान्यावर ठरतं, मुंबईच्या काट्यावर नाही. आणि त्याच्याबरोबर येतात पेट्या. मे महिन्यात केशर आंबा, थंडीत हुरडा आणि गूळ. "कॅप्टन साहेब, दोनच पेट्या आहेत." प्रेमानं दिलेलं असतं, नाही म्हणवत नाही. पण पेट्या मागच्या कप्प्यात जातात आणि मागचे २० किलो सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीला पुढच्या २० किलोंपेक्षा जास्त हलवतात. मी डिकीत एक हातकाटा ठेवला आहे, धान्याच्या पोत्याला लावतात तसला. पाहुण्यांच्या देखत पेटी अडकवून वजन करतो. त्याचा असा परिणाम होतो की पुढच्या वेळी पेटी एकच येते.

स्टार्ट

बॅटरीचं व्होल्टेज बघा. माझा नियम असा की २३ च्या खाली असेल तर बॅटरीवर स्टार्ट करायचा नाही, २८ व्होल्टचं जीपीयू, म्हणजे बाहेरून वीज देणारं यंत्र, मागवायचं. दमलेली बॅटरी कॉम्प्रेसर हळू फिरवते, हवा कमी येते, इंधन तेवढंच पडतं, आणि हॉट स्टार्टची, म्हणजे सुरू होतानाच इंजिन अति तापण्याची, तयारी आपणच करून ठेवतो.

वारा मागून असेल तर विमान फिरवून घ्या. गरम वायू बाहेर पडायच्या नळ्यांवर वारा उलटा आला की आयटीटी चढतं. तासाभरापूर्वी उतरून उन्हात उभं राहिलेलं इंजिन आतून तापलेलंच असतं. इंधन देण्याआधी काटा बघा. वर दिसला तर आधी नुसत्या स्टार्टरवर फिरवून थंड करा. स्टार्टरलाही मर्यादा आहे: ४० सेकंद चालू, ६० बंद, पुन्हा ४०, पुन्हा ६०, तिसऱ्यांदा ४०, आणि मग अर्धा तास विश्रांती. थंड करण्यात घालवलेले सेकंदही यातच मोजले जातात. नवीन पोरं हे विसरतात.

स्टार्टर दाबल्यावर एन-१, म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग, किमान १२ टक्क्यांवर पोचून स्थिर होऊ द्या, मगच इंधन सोडणारं कंडिशन लिव्हर लो आयडलला. घाईत दहावर इंधन दिलं तर पुढचे पाच सेकंद तुमचे नसतात. डोळे आयटीटीवर आणि हात कंडिशन लिव्हरवरच. स्टार्टची मर्यादा १,००० अंश, तीही पाच सेकंद. काटा वेगानं त्या दिशेला निघाला तर तिथं पोचायची वाट न बघता लिव्हर मागं ओढायचं, इंधन बंद, स्टार्टर मात्र चालू ठेवायचा म्हणजे आतली उष्णता बाहेर पडेल.

पाहुणे आत बसलेले असतात आणि घामानं भिजलेले असतात. बी-२०० चा एसीचा कॉम्प्रेसर उजव्या इंजिनावर चालतो, आणि एन-१ पुरेसं वर असल्याशिवाय तो लागत नाही. म्हणून उजवं आधी सुरू करून कंडिशन लिव्हर वर घ्या. खिडक्यांच्या पोलराइज्ड काचा पाहुणे यायच्या आधी फिरवून काळ्या करून ठेवल्या तर केबिन बरीच सुसह्य होते. हे कुठल्या चेकलिस्टमध्ये नाही. पण घामेजलेला पाहुणा "लवकर निघा" म्हणतो, आणि ते ऐकून वैमानिक लवकर निघतो. माझ्या मते ही सुरक्षिततेचीच बाब आहे.

टॅक्सी, धूळ आणि राहिलेली व्हेन

आपल्याकडच्या छोट्या पट्ट्यांवर बाजूनं माती असते, काळी नाहीतर मुरमाड. प्रोपेलर ती उचलतो आणि इंजिन ती खातं. किंग एअरमध्ये बर्फासाठी इंजिनात आइस व्हेन दिलेली असते, म्हणजे हवेच्या वाटेतली हलवता येणारी पट्टी. ती बाहेर काढली की आत येणाऱ्या हवेला तीव्र वळण घ्यावं लागतं. हलकी हवा वळते, जड कण सरळ पुढं निघून जातात. धुळीत टॅक्सी करताना हीच व्हेन कामाला येते. मात्र व्हेन बाहेर असताना इंजिनाला हवा कमी मिळते, टॉर्क पडतो, आणि १५ अंशांच्या वर तापमान असेल तर ती आत घेऊनच टेकऑफ करायचं, ही मॅन्युअलमधली मर्यादा आहे.

ही चूक माझ्या हातून झाली आहे. दुपारचे पावणेतीन वाजले होते, जिल्ह्याच्या पट्टीवर आम्ही, सहा पाहुणे आत. माझा को-पायलट परभणीचा, हुशार पोरगा, हाताला चपळ. टॅक्सीत व्हेन दोन्ही बाहेर होत्या. टोकाला पोचून वळलो, त्यानं चेकलिस्ट वाचायला घेतली, डावी व्हेन आत घेतली, आणि तेवढ्यात रेडिओवर कोणीतरी बोललं. त्यानं उत्तर दिलं आणि पुढच्या ओळीवर गेला. मी "हो" म्हणालो. बघितलं नव्हतं.

ब्रेक दाबून पॉवर लावली. डावीकडचा टॉर्क चिठ्ठीवरच्या आकड्याला टेकला, आयटीटी ८०० च्या जरा खाली. उजवीकडे आयटीटी ८०० ला लागलं आणि टॉर्क ऐंशी फूट-पाउंड कमी.

"सर, उजव्याचा टॉर्क कामून येईना?"

"तापलंय जरा," असं माझ्या तोंडून निघालं. पळता पळता येईल, अशीही एक लालूच मनात असतेच, कारण वेग वाढला की समोरून हवा कोंबली जाते आणि टॉर्क खरंच थोडा चढतो. पण तक्त्यातला किमान आकडा त्याच्या भरवशावर सोडायचा नसतो. लिव्हर मागं घेतलं. परत अ‍ॅप्रनकडं वळताना सूर्य मागं गेला, आणि तेव्हा समोरच्या पॅनलवर उजवी व्हेन बाहेर असल्याचा हिरवा दिवा दिसला. तो आधीपासून लागलेलाच होता. उन्हात दिसत नव्हता एवढंच.

पोरगा खजील झाला. मी त्याला म्हटलं, "बाळा, तू वाचलंस, मी हो म्हटलं. हिशोब माझ्या नावावर लिही." त्या दिवसापासून आमची पद्धत बदलली. व्हेन आत घेणारा स्विचवर बोट ठेवून "डावी आत, उजवी आत" म्हणतो, दुसरा पॅनलवर हाताची सावली धरून दिवे बघतो. मधे रेडिओ आला तर चेकलिस्ट त्या ओळीपासून नाही, त्या भागाच्या सुरुवातीपासून.

टॅक्सीबद्दल आणखी थोडंसं. वेग रोखायला ब्रेकपेक्षा बीटा वापरा, म्हणजे लिव्हर आयडलच्या जरा मागं घेऊन पात्यांचा कोन सपाट करणं. चाकांचे ब्रेक थंड राहतात, आणि टेकऑफ सोडायची वेळ आली तर थंड ब्रेकच कामाला येतात. मात्र खडी असलेल्या जागी रिव्हर्सपर्यंत जाऊ नका. दगड पुढं उडतात आणि पात्यांच्याच कडेवर बसतात.

टेकऑफ

ब्लीड एअर (केबिनसाठी इंजिनातून घेतलेली हवा) उघडी की बंद, फ्लॅप (पंखामागची झडप) शून्य की अ‍ॅप्रोच, हे तक्त्यात जे धरलं असेल तेच प्रत्यक्षात ठेवा. मी अनेकांना एका फ्लॅपचा तक्ता वाचून दुसऱ्या फ्लॅपनं निघताना पाहिलं आहे.

लांब पट्टी असली तरी उन्हाळ्यात मी ब्रेकवर उभं राहूनच पॉवर लावतो. लिव्हर हळू सरकवायचं, चिठ्ठीवरच्या टॉर्कच्या थोडं पुढं, आयटीटीकडे बघत. ऑटोफेदरचे दोन्ही दिवे लागले का ते बघायचं. त्याचा अर्थ, एखादं इंजिन गेलं तर त्याचा प्रोपेलर आपोआप वाऱ्याला कड देईल. गरम दिवशी बंद पडलेल्या इंजिनाचा सपाट प्रोपेलर भिंतीसारखा अडतो आणि एका इंजिनावरचा चढ पुरता खाऊन टाकतो. दिवे नसतील तर निघू नका.

इथं बोलून ठेवायची गोष्ट बोलून ठेवा. आम्ही ब्रेक सोडण्याआधी मोठ्यानं म्हणतो: निर्णयाच्या वेगाआधी काहीही झालं तर थांबणार, नंतर इंजिन गेलं तर सरळ जाणार, चाकं वर, निळ्या रेघेचा वेग (एका इंजिनावर सगळ्यात चांगला चढ देणारा) १२१ नॉट, आणि चारशे फुटांपर्यंत कोणी कुठल्याही लिव्हरला घाईनं हात लावणार नाही. चुकीच्या इंजिनाला फेदर करून मेलेल्या वैमानिकांची यादी सगळ्या देशांत लांब आहे.

धावताना विमान सुस्त वाटेल. एअरस्पीडचा काटा नेहमीसारखाच हलतो, पण जमीन जास्त वेगानं पळताना दिसते, कारण विरळ हवेत तोच काट्यावरचा वेग प्रत्यक्षात नऊ टक्क्यांनी जास्त असतो. डोळे फसतात आणि नाक लवकर उचलावंसं वाटतं. काट्यावर विश्वास ठेवा. लवकर उचललं तर विमान जमिनीलगतच्या हवेच्या गादीवर तरंगतं आणि पुढं चढत नाही.

वर गेल्यावर

इथं फार सांगण्यासारखं नाही. चढताना दहा हजार फुटांपर्यंत १६० नॉट, मग वीस हजारांपर्यंत १४०, वर १३०. पूर्वेला जाताना २३० किंवा २५० ची लेव्हल (म्हणजे २३ किंवा २५ हजार फूट), परतीला २४०. मुंबई सोडून पाऊण तास झाला नाही तोच उजव्या पंखाखाली बालाघाटच्या रांगा येतात. नांदेडच्या वाटेवर आभाळ निरभ्र असेल तर डावीकडे पैठणचा नाथसागर आरशासारखा चमकतो, आणि पाहुणे फोटो काढण्यात गुंतले की तुम्हाला दहा मिनिटं शांतता मिळते.

ती दहा मिनिटं नोंदीला वापरा. विमान स्थिर असताना टॉर्क, आयटीटी, एन-१, इंधनाचा प्रवाह, बाहेरचं तापमान आणि उंची, दोन्ही इंजिनांचं एका ओळीत. रोज. महिन्याभरात त्याच टॉर्कला आयटीटी दहा-पंधरा अंशांनी चढलेलं दिसलं तर बहुतेक वेळा कॉम्प्रेसरवर धूळ बसलेली असते. इंजिन धुतल्यावर काटा खाली येतो. धुतल्यावरही आला नाही तर बोरोस्कोप, म्हणजे कॅमेऱ्याची नळी, घालून आत बघायला सांगा. या इंजिनाचं हॉट सेक्शन, म्हणजे आतला सगळ्यात तापणारा भाग, १,८०० तासांना उघडतात आणि ओव्हरहॉल ३,६०० ला असतो, पण मराठवाड्याची धूळ तासांचं कॅलेंडर वाचत नाही.

एप्रिल-मेच्या दुपारी वळवाचे ढग तासाभरात उभे राहतात. रडारवर छोटा दिसतो म्हणून जवळून जाऊ नका, २० मैल सोडा. खाली धुळीची भिंत आलेली असेल तर पट्टी दिसत असूनही उतरू नका. ती वीस-पंचवीस मिनिटांत सरकते, आणि त्या राखीव २०० किलोंतलेच काही किलो त्यासाठी असतात.

उतरताना

तीनाचा नियम धरा: खाली उतरायच्या दर हजार फुटांना तीन मैल. २५० वरून साडेतीन हजारांवर यायचं तर ६५, वर वेग कमी करायला १०. म्हणजे लातूरला ७५ मैल असताना उतरायला लागा. केबिन प्रेशर उतरण्याच्या पट्टीच्या उंचीहून पाचशे फूट वर लावलं का ते इथंच बघा, नाहीतर दार उघडताना कान सांगतात.

छोट्या पट्टीवर टॉवर नसेल तर आधी वरून एक चक्कर मारा. वाऱ्याची पिशवी कुठं झुकली आहे ते बघा. ती फाटलेली असेल तर शेतातला धूर बघा. पट्टीवर कुत्री आहेत का, शेळ्या आहेत का, कोणी ज्वारी वाळत घातली आहे का. आधी फोन करून पट्टी मोकळी करायला सांगितली असली तरी चक्कर मारा. सांगणारा आणि करणारा हे दोघे वेगळे असतात.

पूर्ण वजनाला व्हीरेफ, म्हणजे उतरताना धरायचा वेग, १०३ नॉट. ४२ अंशांत तो प्रत्यक्षात ११२ च्या वर जातो, आणि ब्रेकना जी ऊर्जा गिळायची असते ती वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे जवळजवळ एक पंचमांश जास्त. त्यात डांबरावरून उठणारी गरम हवा शेवटच्या शंभर फुटांत विमान वर उचलते. तेव्हा नाक खाली दाबून वेग वाढवायचा मोह टाळा. पॉवर थोडी कमी करा, थांबा. पट्टीच्या पहिल्या तृतीयांशात चाकं टेकली नाहीत तर पुन्हा वर जा. छोट्या पट्टीवर हा निर्णय पट्टीच्या कडेवरच झालेला असावा लागतो.

चाकं टेकली की लिव्हर मागं, रिव्हर्स, आणि खडीच्या पट्टीवर ४० नॉटच्या आसपास रिव्हर्समधून बाहेर. त्याखाली धूळ पुढं येऊन काचेसमोर पडदा धरते आणि इंजिन ती ओढून घेतं.

थांबल्यावर

आयडलवर आयटीटी स्थिर होऊन किमान एक मिनिट जाऊ द्या, मग प्रोपेलर फेदर, मग इंधन बंद. इंजिन थांबताना कान द्या. उतरता सूर सरळ हवा. घासल्याचा आवाज आला तर लिहून ठेवा.

तेल दहा-पंधरा मिनिटांच्या आतच बघा. पीटी-६ थंड झाल्यावर काडीवर तेल कमी दिसतं, कोणीतरी भरतं, आणि पुढच्या उड्डाणात ते बाहेर फेकलं जातं.

मग प्रोपेलर बांधा. पट्टे लावून, दोन्ही. वर सांगितलंच आहे की हा प्रोपेलर इंजिनाला दांड्यानं जोडलेला नाही. दुपारच्या वाऱ्यात तो एकटाच फिरत राहतो आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगना तेलाचा दाब नसतो. एअर इनटेकवर झाकणं घाला. आमच्या एका पट्टीवरचे राखणदार मामा हे काम आता माझ्याआधीच करतात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "ह्याला कामून बांधायलाव साहेब, पळून जातंय का?" मी डाव्या प्रोपेलरला बोट लावून हलकेच फिरवून दाखवला. तो बराच वेळ फिरत राहिला. मामांनी उजव्याचा पट्टा स्वतःच आवळला, आणि मग विमानाच्या सावलीत बसून आम्ही दोघांनी त्यांच्या डब्यातली भाकर खाल्ली. पाहुण्यांचा फोन अडीचला आला. सत्कार राहिला होता.